अरणगावचे बाबा आणि ‘द हू’

नगरला पाहुणा आला की आपण त्याला भुईकोट किल्ल्यात नेहरूंची खोली दाखवतो, मग चांदबिबी महाल. वेळ उरलाच तर दौंड रस्त्याने अरणगाव, मेहेरबाबांची समाधी. तिथे उभं राहून ‘द हू’ या इंग्रजी रॉक बँडचं नाव मात्र कोणी काढत नाही. मला ते मनापासून खटकतं.

मी भिंगारचा. लष्करी छावणीमुळे आमच्याकडे इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी हातोहाती फिरायच्या. त्यांतलीच एक ‘द हू’च्या ‘हूज नेक्स्ट’ या 1971 सालच्या अल्बमची. पहिलंच गाणं ‘बाबा ओरायली’. त्यातले बाबा म्हणजे अरणगावचे मेहेरबाबा, हे कळलं तेव्हापासून मी या बँडचा झालो तो कायमचा. नावातला दुसरा माणूस टेरी रायली, अमेरिकन संगीतकार, किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य. ज्या घराण्याचे सवाई गंधर्व आणि भीमसेन आपण घराघरांत ऐकतो, त्याच घराण्याचा एक धागा या गाण्यापर्यंत पोचतो. सुरुवातीला ऑर्गनवर फिरत राहणारी ती आवर्तनं ऐका. मग कीथ मूनचे ड्रम कोसळतात, शेवटी व्हायोलिन सुसाट सुटतं, आणि आजही माझ्या अंगावर काटा येतो.

हे गाणं धुंदीचं आहे असं अनेकांना वाटतं. आहे उलटंच. नशेत वाया गेलेल्या तरुणांकडे बघून बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंडने ते लिहिलं. अमली पदार्थांनी देव भेटत नाही, हे मेहेरबाबांनी साठच्या दशकातल्या पाश्चात्त्य पोरांना स्पष्ट बजावलं होतं आणि पीटने ते मनावर घेतलं होतं. 1967च्या सुमारास तो बाबांकडे ओढला गेला, पण प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. बँडच्या ‘टॉमी’ या अल्बमचं ध्वनिमुद्रण चालू असतानाच, 31 जानेवारी 1969 रोजी, बाबांनी पिंपळगाव माळवीजवळच्या मेहेराझादला देह ठेवला. त्या वर्षी निघालेल्या ‘टॉमी’च्या श्रेयनामावलीत अवतार म्हणून मेहेरबाबांचं नाव छापलेलं आहे. पुढे 1972 मध्ये पीट समाधीवर येऊन गेला. त्याच वर्षीच्या त्याच्या पहिल्या स्वतंत्र अल्बममध्ये ‘परवरदिगार’ हे गाणं आहे, बाबांच्या प्रार्थनेवर बांधलेलं. ती प्रार्थना अरणगावला आजही रोज म्हटली जाते.

गिटार आपटून फोडणारा माणूस कसला भक्त, असं मला अनेकांनी ऐकवलंय. 1976 मध्ये लंडनच्या चार्लटनमधल्या कार्यक्रमात या बँडचा आवाज 126 डेसिबल भरला आणि त्याचा विश्वविक्रम नोंदला गेला. बाबा तर 10 जुलै 1925 पासून अखेरपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला यात विसंगती दिसत नाही. टाळ-मृदंगाच्या गजरात भान हरपणाऱ्या वारकऱ्याला देव शांततेतच शोध असं आपण कधी सांगतो का? बँडचा गायक रॉजर डॉल्ट्री ‘टॉमी’चा शेवट गातो तेव्हा त्या आवाजात मला आर्त विनवणी ऐकू येते, आणि तेवढी कळकळ मला फार थोड्या गायकांत सापडली आहे. मून 1978 मध्ये गेला, बास वाजवणारा जॉन एन्टव्हिसल 2002 मध्ये. तरी ‘लाइव्ह अ‍ॅट लीड्स’ हा त्यांचा अल्बम लावला की चौघेही समोर उभे राहतात.

समाधीवर बँडच्या नावाची पाटी लावा असं माझं म्हणणं नाही. ती जागा साधी आहे, तशीच राहावी. पण नगर हे नाटकवाल्यांचं शहर आहे. मधुकर तोरडमल इथल्या कॉलेजात शिकवत होते, सदाशिव अमरापूरकर इथलेच. आमची पोरं एकांकिका स्पर्धा गाजवतात. न पाहणाऱ्या, न ऐकणाऱ्या, न बोलणाऱ्या मुलाची ‘टॉमी’ ही कथा ब्रॉडवेवर 1993 मध्ये नाटक म्हणून उभी राहिली. ती मराठीत व्हायची तर पहिला हक्क नगरचा. रीतसर परवानगी काढावी, गाणी मराठीत बांधावीत, सावेडीत तालमी घ्याव्यात. कीथ मूनच्या जागी बसवायला गणपतीत ताशा कडाडवणारा कोणी सहज मिळेल. भाषांतराला हात लावायची माझी आजही तयारी आहे.