आखणीचें एक हत्यार

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं पोलादाच्या एका लहानशा तुकड्यावरून मोठा वाद झाला. आमचा पुतण्या यंत्रकाम शिकतो. कडेपासून १२ मिलिमीटरवर समांतर रेघ आखून त्याला तुकडा कापावयाचा होता. त्यानें पट्टी धरून दोन टोकांस दोन खुणा केल्या आणि त्या जोडल्या. कापल्यावर एक टोंक अर्धा मिलिमीटर कमी भरलें. दोन दिवसांची मेहनत भंगारांत गेली. "आपल्या घराण्यांत कानस कोणी धरली होती? सोड तें, कॉमर्सला नांव घाल," असें अण्णांनीं, म्हणजे त्याच्या वडिलांनीं, भर जेवणांत सुनावलें. मुलगा पानावरून तसाच उठला.

आमच्या मतें दोष घराण्याचा नव्हता, आखणीचा होता.

अमेरिकेंतील लॅरॉय स्टॅरेट या गृहस्थानें १८७९ सालीं 'कॉम्बिनेशन स्क्वेअर'चें पेटंट घेतलें. हा मूळचा शेतकरी. (मांस बारीक करण्याचें यंत्रही त्यानेंच काढलें होतें, आमच्या वाचकांस त्याचें फारसें काम पडूं नये.) सुताराच्या साध्या गुण्याचें पातें एकदां बसविलें कीं हलत नाहीं. स्टॅरेटनें पात्याच्या मधोमध लांबीभर खांच पाडली. ठोकळ्यांतील स्क्रूचें टोंक त्या खांचेंत अडकतें. बाहेरची चाकी पिळली कीं तें पात्याला ठोकळ्यावर ओढून घट्ट धरतें, सैल केली कीं पातें हवें तेथें सरकतें. पात्यावर मापें कोरलेलीं असतात. १२ मिलिमीटर पातें बाहेर काढून चाकी पिळावी. माप एकदांच वाचावयाचें, मग तें हत्यारांतच कोंडलें जातें. ठोकळा कडेला टेकवून, पात्याच्या टोकाशीं पोलादी सुई धरून दोन्ही एकदम सरकविलीं म्हणजे रेघ समांतर येते. मात्र ती कडच सरळ नसेल तर रेघही तशीच वांकडी येईल. नवशिके हें हटकून विसरतात.

रेघ ठळक दिसावी म्हणून स्वच्छ पोलादावर आधीं मोरचुदाचें पाणी फिरवितात. तांब्याचा पातळ थर बसतो आणि त्यावर सुईची रेघ लखलखीत उमटते. मोरचूद विषारी आहे. स्वयंपाकघरांतील वाटी मिळणार नाहीं, असें वहिनींनीं आधींच बजावलें आहे.

आम्हीं तें हत्यार मागविलें. आलें त्या रात्रीं अण्णा चष्मा लावून बराच वेळ पातें मागेंपुढें सरकवीत बसले होते. पुतण्यानें नवा तुकडा आखून ठेविला आहे. कापणें उद्यां.