गच्ची ज्याची, सूर्य त्याचा?

गेल्या वर्षी इचलकरंजीतील माझ्या घराच्या गच्चीवर मी तीन किलोवॉटचा सौर संच बसविला आणि केंद्र सरकारचे 78,000 रुपयांचे अनुदान माझ्या बँकखात्यात जमा झाले. हे प्रारंभीच सांगून टाकतो. कारण ज्या धोरणावर येथे टीका करावयाची आहे, त्याचा मी स्वतः लाभार्थी आहे. ही विसंगती दुसऱ्या कोणी दाखवून देण्यापूर्वी मीच मान्य केलेली बरी.

फेब्रुवारी 2024 मध्ये 'पीएम सूर्य घर मुफ्त बिजली योजना' सुरू झाली. एक कोटी घरे, 75,021 कोटी रुपये आणि महिना 300 युनिटांपर्यंत मोफत वीज, असा तिचा गाजावाजा झाला. यातील 'मोफत' हा शब्द प्रथम तपासला पाहिजे, कारण वस्तीत लोक आपल्या कार्यकर्त्यांना नेमके त्याविषयीच विचारतात. सरकार कोणालाही 300 युनिटे वाटत नाही. स्वतःचे पैसे घालून घेतलेल्या संचातून जेवढी वीज निघेल तेवढी बिलातून वजा होते, एवढाच त्याचा अर्थ.

ती किती निघते? एका किलोवॉटला सुमारे 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, आणि वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चार युनिटे मिळतात. सरासरी म्हणण्याचे कारण असे की एप्रिलमधील आकडा जुलैत दिसत नाही. पावसाची झड लागली तेव्हा माझे उत्पादन आठवडाच्या आठवडा निम्म्याखाली होते. धूळ साचली की पॅनेले धुवावी लागतात, आणि साठीनंतर शिडी चढणे ही सोपी गोष्ट नव्हे. बॅटरी नसलेला संच महावितरणचा पुरवठा खंडित होताच आपोआप थांबतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी केलेली ही तजवीज योग्यच आहे. परंतु भर दुपारी, सूर्य डोक्यावर तळपत असता, पंखा थांबलेला पाहून मी विक्रेत्याला रागाने फोन केला होता, हेही कबूल करतो. त्याने आधी काही सांगितले नव्हते. पॅनेल 25 वर्षे चालते, इन्व्हर्टर तेवढा टिकत नाही. मध्यंतरी तो एकदा बदलावा लागेल हे धरून चालावे. बिलही शून्यावर येत नाही, स्थिर आकार राहतोच. आणि वर्षाअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटांना आपण विकत घेतो त्या दराहून पुष्कळच कमी दर मिळतो. तेव्हा विक्रेत्याच्या आग्रहाने गरजेपेक्षा मोठा संच कोणी घेऊ नये.

आता मूळ मुद्दा. अर्थशास्त्र शिकविण्यात हयात गेल्यामुळे हिशेब मांडल्यावाचून मला राहवत नाही. संचास 1,90,000 रुपये पडले. अनुदान वजा जाता माझे 1,12,000 गेले. बिलात महिना सरासरी 1,800 रुपये वाचतात, म्हणजे सव्वापाच वर्षांत माझी रक्कम वसूल होईल. अनुदान नसते तर? पावणेनऊ वर्षांत. त्यानंतरही पॅनेलाची सोळा वर्षे उरतातच. जो व्यवहार मला अनुदानाविना किफायतशीर होता, त्यासाठी जनतेच्या तिजोरीतून मला 78,000 रुपये कशासाठी देण्यात आले? पहिल्या दोन किलोवॉटांना प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000 असा नियम आहे. म्हणजे एक किलोवॉटच परवडणाऱ्यास 30,000, आणि माझ्यासारख्या निवृत्तिवेतनधारकास त्याच्या अडीचपटीहून अधिक. मला स्वस्त कर्ज पुरेसे होते, आणि तशा विनातारण कर्जाची सोय याच योजनेत आहे!

माझ्या घरामागे पत्र्याच्या खोल्यांत यंत्रमाग कामगारांची तीन कुटुंबे भाड्याने राहतात. उन्हाळ्यात तो पत्रा असा तापतो की रात्रपाळीहून आलेल्या माणसाला दिवसा झोप लागत नाही. त्यांच्यापैकी एकाने माझी पॅनेले पाहून विचारले, "सर, आमास्नी मिळंल का हे?" मी सांगितले, छप्पर मालकाचे, मीटर मालकाच्या नावावर, तुला कसे मिळणार? उपमीटरवर मालक ठरवील तो दर तो देतो. राज्य शासनाने 2025 साली महिना 100 युनिटांच्या आत वापर असणाऱ्या घरांसाठी पूरक अनुदान आणले, त्याचे स्वागतच आहे. परंतु तेही छप्पर आणि मीटर ज्याच्या नावावर आहे त्याच्याच दारापाशी थांबते.

गोष्ट एवढ्यावर संपत नाही. माझी गच्ची वीज देते दुपारी. मला दिवे हवे असतात संध्याकाळी, आणि त्याच वेळी ते साऱ्या गावालाही हवे असतात. दुपारी दिलेली वीज रात्री मला युनिटास युनिट परत मिळते. म्हणजे महावितरणच्या तारा, रोहित्रे आणि कर्मचारी ही माझी बॅटरी झाली, आणि तिच्या खर्चातील माझा वाटा घटला. वरच्या टप्प्यातील, अधिक दर भरणारे ग्राहक असे एकेक करून गळू लागले की राहिलेला खर्च कोणाच्या बिलावर चढणार, हे सांगण्यास प्राध्यापकाची गरज नाही. दरवाढीच्या सुनावणीत त्या तीन खोल्यांचा वकील नसतो.

यावर आपल्यातील काही साथी म्हणतात की सौर वीज हे सुखवस्तूंचे खेळणे आहे, पक्षाने त्यात पडू नये. मला हे मत घातक वाटते. कोळशाची राख चंद्रपूरच्या श्रमिकांच्या अंगणात पडते, सुखवस्तूंच्या नव्हे. सूर्यापासून वीज घेतलीच पाहिजे. वाद आहे तो मालकीचा. सार्वजनिक इमारतीवर संच बसवावा, आणि त्याची युनिटे दूरच्या, छप्पर नसलेल्या ग्राहकांच्या बिलांत वाटून वजा करावीत, ही कल्पना स्वप्नातील नाही. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने 2019 साली तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. आपल्या गावात मात्र अशी एकही गच्ची माझ्या पाहण्यात नाही. सोबत भाडेकरूला स्वतःच्या नावाचे मीटर मिळवून देण्याचा लढाही चालवावा लागेल. त्यावाचून ही युनिटे वजा व्हायची कोणाच्या बिलातून? माझ्यासारख्यांचे अनुदान थांबवून तो पैसा या कामी लावा, अशी मागणी पक्षाने उघडपणे करावी. मध्यमवर्गीय सहानुभूतीदार रागावतील; त्यांत माझे शेजारीही आहेत.

महापालिकेच्या शाळा, मंडई, दवाखाने यांच्या गच्च्या किती चौरस फूट आहेत आणि त्यांवर सावली किती वेळ पडते, याची प्रभागवार नोंद आज आपल्यापाशी नाही. कार्यकर्त्यांचे चार रविवार त्यासाठी पुरे होतील. मोजपट्टी माझ्याकडे आहे. शिडी तेवढी दुसऱ्या कोणी चढावी.