मंजुलिकेला पुन्हा भूत केलं

'भूल भुलैया ३' वाईट आहे म्हणून मी चिडलेलो नाही. वाईट सिनेमे आम्ही फौजी आनंदाने बघतो. चौकीवर बर्फ पडत असेल आणि पेनड्राइव्हमध्ये एकच पिक्चर उरला असेल, तर तोच चार-चारदा बघतो. माझा राग वेगळा आहे. या मालिकेकडे सांगण्यासारखी एक मोठी गोष्ट होती, ती त्यांनी भंगारात काढली.

ती गोष्ट मुळात केरळची. १९९३ साली फाझिल यांनी मल्याळममध्ये 'मणिचित्रताळ' काढला. जुना वाडा, कुलूपबंद खोली, नर्तकीचं भूत. हसवणारी माणसं भरपूर. पण शेवटी कळतं की भूत नाहीच, घरची सून मनाने आजारी आहे. शोभनाला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००७ मध्ये प्रियदर्शनने तो हिंदीत आणला, विद्या बालन मंजुलिका झाली. त्यात आचार्य झालेत आपले विक्रम गोखले. पूजाविधी त्यांचे, पण उपचार डॉक्टरचा. दोघं मिळून बाईला बरं करतात. आणि नवरा तिला टाकत नाही, हेही विसरू नका.

हे मला इतकं का लागतं? आमच्या एका पोराचा बडी हिमस्खलनात गेला. नंतर हा म्हणायचा, रात्री तो हाक मारतो. सुट्टीवर गेला तर घरच्यांनी 'झपाटलंय' म्हणून देवऋष्याकडे नेलं. अंगारा झाला, कोंबडं कापून झालं, झोप काही आली नाही. परत आल्यावर युनिटच्या डॉक्टरांनी त्याला मिलिटरी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात पाठवायचं ठरवलं, तेव्हा वडील फोनवर रडायला लागले. पोराला वेडा ठरवताय म्हणाले. मी विचारलं, "काका, पिक्चरमध्ये विद्या बालनला काय झालं होतं, आठवतंय?" त्यांना आठवत होतं. "ती बरी झाली ना शेवटी?" मग गप्प झाले, आणि हो म्हणाले. काही महिन्यांनी पोरगा ड्यूटीवर हजर झाला.

आज हाच प्रश्न विचारला तर काका म्हणतील, साहेब, मंजुलिका तर खरंच भूत होती की!

कारण २०२२ च्या दुसऱ्या भागात अनीस बझमींनी खरोखरचं भूत आणलं. तब्बूच्या जोरावर ते निभावलं. डॉक्टरच्या जागी आला रूहबाबा, भुतं दिसतात अशी थाप मारणारा पोरगा. तिसऱ्या भागात तोच या धंद्यावर पैसे कमावतो आणि आपण टाळ्या वाजवायच्या. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा ज्या राज्यात झाला, त्याच राज्याच्या राजधानीत हे सिनेमे शिजतात.

(पुढे रहस्य फोडतोय. पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडा. खरं तर पिक्चरच सोडा.) विद्या आणि माधुरी एका रंगमंचावर नाचतात, आणि त्यांना काम काय, तर मंजुलिका कोण याचा घोळ घालत राहणं. शेवटी कळतं की हे भूत राजपुत्र देवेंद्रनाथाचं आहे. बायकांचा पेहराव आवडतो म्हणून बापाने त्याला जिवंत जाळलेलं. अरे, हा एक अख्खा सिनेमा होता! तो दोन तासांच्या पांचट विनोदांनंतर शेपटीला बांधलाय.

'पिक्चरच आहे, हस आणि सोड,' असं मेसमधले दोस्त म्हणतात. श्रद्धेवर माझा आक्षेप नाही. नथुलाच्या बाजूला बाबा हरभजन सिंगांचं मंदिर आहे. १९६८ मध्ये गेलेल्या या जवानाचा गणवेश, बूट, अंथरूण तिथे आजही तयार असतं. मीही तिथे सॅल्यूट ठोकलाय. पण ताप आला की तिथला जवान एमआय रूमलाच जातो.

ऑगस्ट २०२४ मध्ये 'मणिचित्रताळ' नव्याने झळकवून केरळच्या थिएटरांत पुन्हा लावला होता. त्याच वर्षी दिवाळीत आपल्याकडे हा तिसरा भाग आला आणि देशात अडीचशे कोटींच्या वर गल्ला करून गेला. आमच्या मल्याळी सुभेदारसाहेबांना तो कसा वाटला विचारलं, तर मध्यंतरातच झोपायला गेलो म्हणाले. त्यांच्याकडून मूळ सिनेमा घेतलाय, खाली इंग्रजी ओळी येतात. यंदा सुट्टीत घरी सगळ्यांना बसवून दाखवणार आहे, आणि काकांनाही बोलावणार आहे.