आधी घर शिकवा, मग पिल्लू

मुलांचा हट्ट म्हणा की यजमानांची हौस म्हणा, घरात लॅब्रॅडॉर नाहीतर गोल्डन रिट्रिव्हरचं पिल्लू येतं. पहिले चार दिवस सगळं घर त्याच्याभोवती गोळा. पाचव्या दिवशी मुलं शाळेत, यजमान कचेरीत आणि फरशी पुसायला उरता तुम्ही! तेव्हा त्याला वळण लावायचं कामही आपल्याकडेच येणार, हे धरून चाला.

आणि हे काम उद्यावर टाकू नका. दोन महिन्यांचं पिल्लू पदर ओढतं तेव्हा आपण कौतुकानं हसतो. वर्षभरात तेच ३० किलोच्या आसपास जातं. मग तोच लाडिकपणा सासूबाईंना धक्का देऊन पाडतो आणि “देऊन टाका हे कुत्रं” अशी बोलणी सुरू होतात. बिचाऱ्याला कळतसुद्धा नाही की काल चालत होतं ते आज का चालत नाही.

एक लक्षात घ्या. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या शिकारी लोकांनी ही कुत्री तयार केली. मारलेला पक्षी तोंडात अलगद धरून मालकापाशी आणायचा, हे त्यांचं काम. म्हणून पिल्लू चप्पल पळवतं, त्यात खोडीपेक्षा रक्तातली सवय जास्त. त्याच्यामागे धावलात तर त्याला तो खेळच वाटतो. त्यापेक्षा खाऊचा तुकडा नाकाशी धरा. चप्पल सुटली की “सोड” म्हणा आणि तुकडा द्या. काही दिवसांनी नुसत्या शब्दावर काम भागेल.

आता मुख्य मुद्दा, शब्दांचा. आपण म्हणतो “बस”, चिरंजीव म्हणतात “सिट”, आणि सासूबाई म्हणतात “गप बैस बघू एका जागी!” पिल्लाला मराठी येत नाही की इंग्रजी येत नाही. त्याला एकसारखा आवाज तेवढा ओळखता येतो. त्यातून आपलं “बस” आणि “बास!” त्याच्या कानाला जवळजवळ सारखंच. तेव्हा चार शब्द ठरवून कागदावर लिहा आणि फ्रिजवर चिकटवा: बस, थांब, ये, सोड. घरातल्या सगळ्यांनी तेच वापरायचे. पिल्लापाशी “बास” म्हणणं बंद!

बस : हरभऱ्याएवढा तुकडा त्याच्या नाकावर धरून हळूहळू डोक्याच्या मागे न्या. मान वर गेली की बूड आपोआप टेकतं. टेकल्याबरोबर “बस”, “शाब्बास” आणि खाऊ. पाठ दाबून बसवू नका. पुढे शब्द आधी उच्चारा, पण एकदाच. दहादा म्हटलं तर पहिले नऊ ऐकायचे नसतात असं ते शिकतं.

थांब : बसल्यावर तळहात दाखवा, एक आकडा मोजा, खाऊ द्या. हळूहळू दहापर्यंत जा. जेवणाचं भांडं ठेवताना आणि दार उघडताना रोज याचा सराव होतो.

ये : हा शब्द रहदारीच्या रस्त्यावर जीव वाचवणारा. म्हणून “ये” म्हणून बोलावून कधी रागावू नका, की आंघोळीला नेऊ नका. तेव्हा आपण उठून त्याला आणायचं. “ये” म्हटलं की काहीतरी चांगलंच मिळतं, हे त्याच्या मनात पक्कं बसू द्या. संध्याकाळी मुलांना खोलीच्या दोन टोकांना बसवून आळीपाळीनं हाका मारायला लावा.

सराव दोन-तीन मिनिटांचाच, पण दिवसातून तीन वेळा, जेवणाआधी. भूक हीच इथे आपली मदतनीस! लॅब्रॅडॉरचं हावरेपण तर २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी एका जनुकाशी जोडून दाखवलं आहे. म्हणून खाऊ दिवसाच्या जेवणातून वजा करा, नाहीतर कुत्रं शिकेल पण लठ्ठ होईल. उकडलेलं अंडं, पनीर, मीठ न घातलेली उकडलेली कोंबडी, गाजर चालेल. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, लसूण मात्र मुळीच नाही. कुत्र्यांना ते विषासारखं. देवापुढचा मनुकांचा प्रसादसुद्धा हाताला लागेल असा ठेवू नका.

अंगावर उडी मारली तर ओरडू नका, पाठ फिरवा. चारही पाय जमिनीवर टेकले की मगच कुरवाळा. फरशी ओली केली तर मार देऊन किंवा नाक घासून काही उपयोग नाही. ते फक्त तुम्हाला भ्यायला शिकतं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर ठरलेल्या जागी न्या आणि तिथे उरकलं की शाबासकी द्या.

खरं सांगायचं तर पिल्लू लवकर शिकतं, वेळ लागतो तो घरातल्या मोठ्यांना. यजमान ताटातली पोळी हळूच टेबलाखाली देतात आणि आपली आठवड्याची मेहनत फुकट जाते! तेव्हा फ्रिजवरचा कागद त्यांनाही एकदा वाचून दाखवा. वर्षभरानं दाराची घंटा वाजेल, सासूबाई “बस” म्हणतील आणि ते भलंमोठं धूड शेपूट हलवत त्यांच्या पायाशी बसेल. त्या दिवशी “देऊन टाका” म्हणणाऱ्यांना त्याच पहिल्यांदा गप्प करतील.