हिरव्या रंगाखालचा गंज

अमेरिकेचा अणुऊर्जा नियामक आयोग दरवर्षी मार्चच्या सुमारास देशातील प्रत्येक अणुवीज केंद्राच्या चालक कंपनीस एक पत्र धाडतो. मावळत्या वर्षात केंद्राची कामगिरी सुरक्षिततेच्या कसोटीवर कशी उतरली, याचे मूल्यमापन त्यात असते. त्यासाठी चार रंग मुक्रर केलेले आहेत : हिरवा, पांढरा, पिवळा आणि तांबडा. हिरवा म्हणजे सारे आलबेल. हिरवा शेरा मिळालेल्या कंपनीच्या वाट्याला तपासणीही कमी येते. एप्रिल २००० मध्ये सुरू झालेली ही पद्धत जगातील सर्वांत पारदर्शक नियमनाचा नमुना म्हणून मिरविली जाते.

भारतीय वाचकाला या रंगपंचमीशी काय कर्तव्य, असा प्रश्न पडेल. परंतु डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचे क्षेत्र खासगी भांडवलाला खुले करणारा कायदा संमत केला, तेव्हापासून एक युक्तिवाद वारंवार कानांवर येत आहे : नियामक समर्थ असला, की वीजकेंद्राचा मालक टाटा आहे, अदानी आहे की सरकार आहे, हा प्रश्न गौण ठरतो, अमेरिकेकडे पाहा! तेव्हा अमेरिकेकडेच पाहिले पाहिजे, आणि नीट पाहिले पाहिजे.

ओहायओ राज्यात इरी सरोवराच्या काठी, टोलेडो शहरापासून जवळच, डेव्हिस-बेसी नावाचे अणुवीज केंद्र १९७८ पासून चालू आहे. २००१ साली ते फर्स्टएनर्जी या कंपनीकडे होते. त्या वर्षी त्याच्या कामगिरीचे सारे निर्देशांक हिरवे होते. हे निर्देशांक ज्या आकडेवारीवरून निघतात ती आकडेवारी कंपनीच पुरविते. परीक्षार्थीनेच आपली उत्तरपत्रिका तपासून गुण कळवावेत आणि परीक्षकाने ते वहीत उतरवून घ्यावेत, असा हा व्यवहार आहे.

त्याच वर्षी इतर केंद्रांत अणुभट्टीच्या पात्राच्या झाकणावरील नळकांड्यांना तडे गेल्याचे आढळले होते. आयोगाने ऑगस्ट २००१ मध्ये आदेशवजा परिपत्रक काढून, ज्या केंद्रांत धोका अधिक त्यांनी ३१ डिसेंबरपूर्वी तपासणी करावी, असे सुचविले. तपासणी करावयाची तर भट्टी बंद ठेवावी लागते, आणि बंद भट्टी नफा देत नाही. फर्स्टएनर्जीने मार्चअखेरपर्यंत मुदत मागितली. केंद्र ताबडतोब बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा आयोगाच्या कचेरीत तयार होता. तो बाजूला ठेवण्यात आला आणि १६ फेब्रुवारी २००२ या तारखेवर तडजोड झाली. सुरक्षितता ही बाजारातील भाजीसारखी घासाघीस करून ठरवावयाची वस्तू झाली.

मार्च २००२ मध्ये जे आढळले ते आजही अंगावर काटा आणते. झाकणाचे पोलाद सुमारे साडेसहा इंच जाड. तड्यातून झिरपणाऱ्या पाण्यातील बोरिक आम्लाने ते कुरतडून त्यात फुटबॉलएवढी पोकळी केली होती. आतील बाजूस गंजरोधक पोलादाचे, एक सेंटिमीटरहूनही पातळ असे अस्तर तेवढे शिल्लक होते, आणि त्याला फुगवटा आलेला होता. वातावरणाच्या सुमारे दीडशे पट दाबाखाली असलेले तप्त पाणी आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये त्या ठिकाणी दुसरे काहीही उरले नव्हते. ते अस्तर तडकते तर भट्टीला थंड ठेवणारे पाणी बाहेर फुसांडले असते. त्यापुढचे सारे आपत्कालीन यंत्रणा कितपत चालतात यावर अवलंबून राहिले असते.

हे एका रात्रीत घडले नव्हते. आम्ल कित्येक वर्षे झिरपत होते. केंद्रातील किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रांच्या गाळण्या गंजाच्या धुळीने इतक्या तुंबत, की त्या दर एक-दोन दिवसांनी बदलाव्या लागत. एप्रिल २००० मध्ये इंधन भरण्यासाठी भट्टी उघडली असता झाकणाच्या भोकांतून खाली ओघळलेल्या तांबूस गंजाचे छायाचित्र घेतले गेले होते. सफाई अर्धवट राहिली आणि भट्टी पुन्हा पेटविण्यात आली. मग निर्देशांक हिरवे कसे? गळतीची परवानगी असलेली मर्यादा होती मिनिटाला एक गॅलन, म्हणजे सुमारे पावणेचार लिटर. प्रत्यक्षातील गळती त्याहून कमी होती. आकडा मर्यादेत, म्हणून रंग हिरवा! पोलाद खाणारे पाणी किती आहे एवढेच मोजले गेले. ते कोठून येते आणि काय खाते आहे, हे विचारण्यासाठी रकानाच नव्हता.

आयोगाच्याच महानिरीक्षकाने डिसेंबर २००२ मध्ये आपला अहवाल दिला. मुदतवाढीच्या निर्णयामागे कंपनीचे आर्थिक नुकसान टाळण्याची इच्छा हे एक मोठे कारण होते, असे त्याने स्वच्छ नोंदविले. केंद्र बंद करावयाचे तर धोका आहे हे आयोगाने पूर्णतः सिद्ध करावे. केंद्र सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याचे ओझे मात्र कंपनीवर नाही, अशी उफराटी रीत पडून गेली होती. मे २००४ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या हिशेब तपासणी कार्यालयाने त्यात भर घातली : फर्स्टएनर्जीला आयोग ‘चांगली’ कंपनी समजत होता, म्हणून तपासण्या कमी झाल्या आणि प्रश्नही कमी विचारले गेले. म्हणजे हिरव्या रंगाने गंज नुसता झाकला नाही, तो वाढण्यास अवधीही दिला.

शिक्षेचे काय झाले? केंद्र दोन वर्षे बंद राहिले. २००५ मध्ये आयोगाने ५४.५ लाख डॉलर दंड केला. जानेवारी २००६ मध्ये कंपनीने २.८ कोटी डॉलर भरले आणि तिच्यावरील फौजदारी खटला टळला. न्यायालयात दोषी ठरले ते अभियंत्यांच्या पातळीवरील लोक. ज्यांच्यासाठी उत्पादन सुरक्षिततेच्या आधी ठेवले गेले, ते भागधारक आणि संचालक आरोपीच्या पिंजऱ्याच्या आसपासही फिरकले नाहीत.

या कहाणीचा उत्तरार्ध तर कादंबरीकारालाही अतिरंजित वाटावा असा आहे. हेच केंद्र आणि ओहायओतील पेरी हे दुसरे केंद्र बाजारात तोट्यात जाऊ लागली, तेव्हा त्यांना वीजग्राहकांच्या खिशातून वाचविणारा कायदा राज्याच्या विधिमंडळाने २०१९ मध्ये संमत केला. तो संमत व्हावा यासाठी फर्स्टएनर्जीकडून सुमारे ६ कोटी डॉलर विधानसभेचे अध्यक्ष लॅरी हाउसहोल्डर यांच्या हस्तकांकडे पोहोचले होते. जुलै २०२१ मध्ये कंपनीने हे कबूल केले आणि २३ कोटी डॉलर दंड भरला. जून २०२३ मध्ये हाउसहोल्डर यांना वीस वर्षांची सजा झाली. ज्या भांडवलाला अख्खे विधिमंडळ विकत घेता येते, त्याला एक नियामक आयोग किती काळ रोखून धरणार? आणि आता तो आयोगही पूर्वीचा राहिलेला नाही. २३ मे २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून नव्या भट्ट्यांच्या परवान्यांचे निर्णय अठरा महिन्यांत लावण्यास आयोगाला बजावले, आणि पुढच्याच महिन्यात आयोगाचे एक सदस्य ख्रिस्तोफर हॅन्सन यांना पदावरून दूर केले.

कम्युनिस्टांना हे लिहिताना चेर्नोबिलकडे पाठ फिरविता येणार नाही. त्या भट्टीच्या नियंत्रण कांड्यांच्या रचनेत दोष होता आणि तो १९८३ मध्ये इग्नालिना येथील केंद्रात लक्षात आलेला होता. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री पाळीवर असलेल्या कामगारांना मात्र त्याची कल्पना नव्हती. आधी सारा दोष त्यांच्या माथी मारण्यात आला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटाने तो निष्कर्ष १९९२ मध्ये बदलला. तेथे भागधारक नव्हते. पण गुप्तता होती, उत्पादनाचे लक्ष्य होते, आणि बांधणारे, चालविणारे व तपासणारे यांच्यामध्ये भिंत नव्हती. सार्वजनिक मालकी ही आवश्यक अट आहे. तेवढ्याने काम भागते असे समजणे समाजवादाच्या हिताचे नाही.

आता आपल्या घराकडे. अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी एका सरकारी आदेशाने जन्माला आले आणि चार दशके अणुऊर्जा आयोगालाच उत्तरदायी राहिले. वीजकेंद्रे बांधणाऱ्या खात्याचे सचिव हेच त्या आयोगाचे अध्यक्ष. १९९३ ते १९९६ या काळात मंडळाचे अध्यक्ष असलेले डॉ. ए. गोपालकृष्णन यांनी १९९५ मध्ये सुमारे १३० सुरक्षाविषयक उणिवांची जंत्री तयार करविली. ती जनतेसमोर आलीच नाही. नरोऱ्याच्या केंद्रात ३१ मार्च १९९३ रोजी टर्बाइनचे पाते तुटून आग लागली आणि सतरा तास वीज गेली, तेव्हा अंधारात वर चढून हातांनी बोरॉनचे द्रावण भट्टीत सोडणारे कामगारच होते. त्यांच्या धैर्यासाठी कोणत्याही मूल्यमापनात रंग नाही.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये या मंडळाचीच परीक्षा घेतली. देशातील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी केवळ ५,२७० नोंदणीकृत होती. नियमभंगासाठी जास्तीत जास्त दंड पाचशे रुपये! त्याआधी दोनच वर्षे, एप्रिल २०१० मध्ये, दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाने भंगारात काढलेल्या यंत्रातील कोबाल्ट-६० मुळे भंगार फोडणारा एक मजूर प्राणास मुकला होता. २०११ चे स्वतंत्र नियामक विधेयक लोकसभेबरोबर २०१४ मध्ये रद्दबातल झाले.

नव्या कायद्याने मंडळाला अखेर वैधानिक दर्जा दिला, हे खरे. ही मागणी डाव्या चळवळीची जुनी मागणी आहे आणि तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने किती काढून घेतले ते पाहावे. भोपाळच्या अनुभवातून २०१० च्या कायद्यात आलेले कलम १७(ब), म्हणजे सदोष यंत्रसामग्री पुरविणाऱ्याकडून भरपाई वसूल करण्याचा चालकाचा हक्क, वगळण्यात आले. अमेरिकन आणि फ्रेंच कंपन्या पंधरा वर्षे याच कलमाकडे बोट दाखवून अडून बसल्या होत्या. मोठ्यात मोठ्या केंद्राच्या चालकाचे दायित्व ३,००० कोटी रुपयांवर रोखून धरले गेले. निर्बंधित ठरविलेली माहिती माहितीच्या अधिकाराबाहेर ठेवण्याची सोय झाली. आणि या साऱ्याला, आद्याक्षरांची कसरत करून, ‘शांती’ असे नाव देण्यात आले. डाव्या पक्षांनी जुलै २००८ मध्ये अणुकराराच्या प्रश्नावर सरकारचा पाठिंबा काढून घेतला, तेव्हा त्यांना विकासाचे शत्रू ठरविणारे पंडित आज या तरतुदींबद्दल मौन पाळून आहेत.

डेव्हिस-बेसीची गळती ज्या देशात उघडकीस आली, तेथे निदान नियामकाचा महानिरीक्षक नियामकाविरुद्ध लिहू शकला आणि ते लिखाण जाहीर झाले. आपल्या मंडळाला असा कोणी तपासनीस आहे काय? तारापूर, काक्रापार, कैगा, कल्पाक्कम, कुडनकुलम येथे केंद्राच्या भिंतीलगत राहणाऱ्या मच्छीमाराच्या किंवा शेतकऱ्याच्या हाती तपासणीचा अहवाल त्याच्या भाषेत पडतो काय? जैतापूरला ९,९०० मेगावॅटचा प्रकल्प उभारण्याची घाई करणाऱ्यांनी साखरी नाटे येथील एप्रिल २०११ च्या गोळीबारानंतर तरी या प्रश्नाचे उत्तर द्यावयास हवे होते.

या कायद्याखालील नियम आणि परवान्यांच्या अटी यांवर कामगार संघटनांनी बारीक नजर ठेवून पुढील गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. मूल्यमापन चालकाने पुरविलेल्या आकड्यांवर नव्हे, तर मंडळाच्या स्वतःच्या तपासणीवर आधारलेले असावे. तपासणीच्या वेळी कामगारांचे निर्वाचित प्रतिनिधी हजर असावेत. दोष दाखवून देणाऱ्या कामगाराला नोकरीचे संरक्षण असावे. आणि कंत्राटी कामगाराने अंगावर घेतलेल्या किरणोत्साराची नोंद, ठेकेदार बदलला तरी न बदलणाऱ्या पुस्तिकेत करून, ती पुस्तिका त्याच्याच हाती द्यावी.