फटफटी कुणाची?

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात छायाचित्रांचे प्रदर्शन भरले होते. त्यात माझेही एक चित्र होते. जुनी बुलेट, हँडल उंच केलेले, मडगार्ड छाटलेले, टाकी काळीभोर, आणि तिच्यावर गॉगल लावून बसलेला माझा मित्र. खाली मी मोठ्या ऐटीत लिहिले होते, 'बुलेट आणि तिचा राजा'. चित्राला बक्षीस मिळाले. ज्या मेस्त्रींनी दोन महिने खपून ती गाडी घडवली, तेही प्रदर्शन पाहायला आले होते. बराच वेळ चित्रासमोर उभे राहून म्हणाले, "फोटो झकास आलाय. फक्त तुमच्या दोस्ताचा पाय नेमका जोडावर आलाय बघा. तो जोड मारायला मला तीन दिवस लागले होते." बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते मला जास्त लागले.

तेव्हापासून माझे एक मत बनत गेले आहे. कुणाला रुचो न रुचो, ते येथे मांडतो. फटफटींची छायाचित्रे काढणारे आम्ही लोक बहुधा भलत्याच माणसावर कॅमेरा रोखतो.

या हौसेचे माहेर अमेरिका. तेव्हा तिकडचेच उदाहरण घेतो. १९६९ साली आलेल्या 'ईझी रायडर' या चित्रपटातील 'कॅप्टन अमेरिका' ही गाडी न पाहिलेला शौकीन विरळा. पुढे लांबच लांब फोर्क, टाकीवर अमेरिकेचा झेंडा आणि वर बसलेला पीटर फोंडा. असली गाडी म्हणजे 'चॉपर', अक्षरशः छाटलेली गाडी. नको ते भाग काढून टाकायचे, चेसिस कापून हँडलच्या बाजूचा कोन बदलायचा, पुन्हा जोडायचे. कोन चुकला तर गाडी वळणावर स्वाराचे ऐकत नाही. म्हणजे हे नुसते नटवणे नव्हे. ही गाडी घडवणारे दोघे होते, क्लिफर्ड व्हॉज आणि बेन हार्डी. दोघेही कृष्णवर्णीय. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत दोघांचीही नावे नाहीत. पुढे कित्येक वर्षे त्या गाडीची चित्रे भिंतीभिंतींवर लागली, पण ती कुणी घडवली हे थोड्यांनाच ठाऊक होते.

कॅमेरा नुसता विसरतो असे नाही, तो रचतोही. १९४७ च्या जुलैत कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर या गावी मोटारसायकलस्वारांचा मेळा भरला आणि थोडा दंगा झाला. 'लाइफ' साप्ताहिकाने एक चित्र छापले : बिअरच्या बाटल्यांच्या पसाऱ्यात फटफटीवर रेललेला एक तर्र इसम. त्या बाटल्या गोळा करून तेथे मांडल्या होत्या, असे एका प्रत्यक्षदर्शीने पुढे सांगितले. पण तोवर मोटारसायकलवाला म्हणजे गुंड, ही प्रतिमा पक्की झालेली होती.

याच्या उलट डॅनी लायन. हा छायाचित्रकार शिकागोच्या 'आउटलॉज' या टोळीचा सभासदच झाला. स्वतः ट्रायम्फवर बसून त्यांच्याबरोबर भटकला, टेपरेकॉर्डर लावून त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतले. त्यातून १९६८ साली 'द बाइकरायडर्स' हे पुस्तक निघाले. त्यापूर्वी तो कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीत, विद्यार्थ्यांच्याच एका संघटनेसाठी, छायाचित्रे काढीत होता. १९६४ सालच्या त्याच्या एका चित्रात मेरीलँडमधील केंब्रिज गावी नॅशनल गार्डचे सैनिक एका तरुणाला ओढून नेत आहेत. तो तरुण म्हणजे क्लिफर्ड व्हॉज! तोही त्याच संघटनेचा छायाचित्रकार. ज्याच्या नावाची दखल चित्रपटाने पाच वर्षांनी घेतली नाही, तो लायनच्या चित्रात नावानिशी आहे. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो होतो.

आमचे काही मित्र म्हणतील, छायाचित्र ही कला आहे, ती काही जन्ममृत्यूची नोंदवही नव्हे. चित्राने स्वतःच्या बळावर उभे राहावे. मान्य आहे. चित्राखाली नाव लिहिल्याने वाईट चित्र चांगले होत नाही. पण स्वार टाकीवर हात ठेवून बसला की आपण त्याच्या छातीकडे पाहतो, आणि गाडी त्याची शोभा होऊन बसते. ही सवय कलेची नव्हे, आळसाची आहे. गॅरेजमध्ये अंधार असतो, तेलाचा वास असतो, तेथे तासन् तास उभे राहावे लागते. रस्त्यावर ऊन फुकट मिळते. (मी स्वतः रस्त्यावरच चित्र काढले होते, हे सांगून टाकलेले बरे.)

परवा कॅमेरा घेऊन त्या गॅरेजमध्ये गेलो. मेस्त्री म्हणाले, "माझा कसला फोटो काढताय? सकाळपासून तोंड धुतलेलं नाही." मग बुलेट स्टँडवर घेतली, फडक्याने चेसिस पुसली आणि तो जोड स्वतःच मला दाखवला. बोट फिरवून पाहिले तर कोठे लागतसुद्धा नाही. मी चार चित्रे काढली. या वर्षी खाली काय लिहिणार तेही त्यांना सांगितले. त्यांनी कोपऱ्यात पाना धरून बसलेल्या पोराकडे मान वळवली.

"त्याचं नाव पण टाका," म्हणाले. "घासकाम सगळं त्यानं केलंय."