दान हातावेगळे करा

आमच्या धंद्यात वापरलेल्या कपड्याला भाव नसतो. कोऱ्या थानाचा तुकडा फाडला की त्याचा कटपीस होतो, आणि अंगावर एकदा चढलेला कपडा तर बोहारणीच्या टोपलीतच जातो. बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीतील आमच्या दुकानात बसून मी अर्धे आयुष्य हेच पाहिले. म्हणून 1997 च्या जून महिन्यात उर्दू दैनिकात एक बातमी वाचली तेव्हा ती मी अब्बांना दोनदा वाचून दाखवली.

बातमी अशी होती. ब्रिटनची राजकुमारी डायना हिने मेजवान्यांत वापरलेले आपले 79 झगे लिलावात काढले होते. 25 जून 1997 रोजी न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्टीज या लिलाव कंपनीने ते विकले. एकूण 32 लाख 58 हजार डॉलर आले आणि ते कर्करोग व एड्सच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थांना मिळाले. ही कल्पना तिचा मोठा मुलगा विल्यम याची होती. 1985 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या मेजवानीत नाचताना तिने घातलेला निळा मखमली झगा एकटा 2 लाख 22 हजार 500 डॉलरला गेला. मखमल कितीही उंची असो, तिला हा भाव येत नाही. गिऱ्हाइकाने मोजले ते नावाचे पैसे.

अब्बा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाईने स्वतःच्या हाताने दिले, बरे केले." त्यानंतर 67 दिवसांनी, 31 ऑगस्टला, डायना पॅरिसमध्ये अपघातात गेली. वय अवघे 36.

आता व्यापाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिले तर कोणी म्हणेल, बाईने घाई केली. माल थांबवून ठेवला असता तर कितीतरी जास्त आले असते. हिशेब चुकीचा नाही. त्याच लिलावात 24 हजार 150 डॉलरला गेलेला जांभळ्या मखमलीचा एक झगा जानेवारी 2023 मध्ये पुन्हा लिलावात आला आणि 6 लाख 4 हजार 800 डॉलरला विकला गेला. म्हणजे पंचवीस पट. वरचा निळा झगाही 2013 मध्ये लंडनमध्ये 2 लाख 40 हजार पौंडांना विकला गेला.

पण 1997 साली इस्पितळात खाटेवर पडलेल्या रुग्णाला 2023 पर्यंत थांबता येत नव्हते. शिवाय पुढची तेजी मालाच्या मालकाची असते, दानाची नसते. ज्यांनी नंतर नफा कमावला त्यांनी व्यापार केला. त्यात गैर काही नाही. दान मात्र 1997 मध्येच झाले, कारण देणारी हयात होती आणि वस्तू तिच्या हातून निघून गेली होती.

याच डायनाची दुसरी बाजू फार थोड्यांना माहीत आहे. तिने 1993 मध्ये मृत्युपत्र केले आणि सोबत एक पत्र लिहून ठेवले. त्यात तिने इच्छा व्यक्त केली होती की, आपल्या दागिन्यांचा व चीजवस्तूंचा चौथा हिस्सा आपल्या 17 धर्मपुत्र-धर्मकन्यांमध्ये वाटावा. ते पत्र केवळ इच्छेचे होते, कायद्याने बांधणारे नव्हते. तिच्या पश्चात ते बाजूला ठेवले गेले आणि प्रत्येक मुलाला आठवण म्हणून एकेक वस्तू तेवढी मिळाली. बाई तीच आणि नियतही तीच. जे तिने हयातीत हातावेगळे केले ते पोहोचले. जे कागदावर 'इच्छा' म्हणून ठेवले ते अडकले.

हा प्रकार फक्त इंग्रजांच्या राजघराण्यात घडतो असे नाही. आपल्या मराठी राजघराण्यातील उदाहरण याहून मोठे आहे. बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी 1865 च्या सुमारास मोत्यांचा एक गालिचा करवून घेतला. रेशीम आणि हरणाचे कातडे यांच्या आधारावर आखाती समुद्रातील पंधरा ते वीस लाख बसरा मोती ओवलेले, मध्ये हिरे, माणके, पाचू. लांबी साधारण पावणेनऊ फूट, रुंदी पावणेसहा फूट. असे सांगितले जाते की, हा गालिचा मदिना शरीफ येथे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या रौज्यासाठी भेट म्हणून पाठवण्याचा महाराजांचा मनोदय होता. एका हिंदू राजाची ही भावना वाचून आजही मन भरून येते.

पण गालिचा निघाला नाही. 1870 मध्ये खंडेराव वारले आणि भेटीची वस्तू खजिन्यातील जिन्नस झाली. पाठोपाठ मल्हारराव गादीवर आले, त्यांना 1875 मध्ये पदच्युत करण्यात आले. मग मालेगावजवळच्या कवळाण्याहून दत्तक घेतलेले सयाजीराव आले. गालिचा 1902-03 च्या दिल्ली प्रदर्शनात मांडला गेला. पुढे प्रतापसिंहराव महाराजांच्या दुसऱ्या पत्नी सीतादेवी यांच्याबरोबर तो युरोपात मोनॅकोला गेला. अखेर मार्च 2009 मध्ये कतारमधील दोहा शहरात सदबीज कंपनीने त्याचा लिलाव केला. सुमारे 54 लाख 58 हजार डॉलर आले. तो लिलाव धर्मादाय नव्हता. डायनाच्या सगळ्या झग्यांना मिळून जेवढे आले त्याहून जास्त एका गालिच्याला आले, आणि ज्या हेतूने तो विणला त्या हेतूला त्यातले काही गेले नाही. आज तो दोह्याच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ज्या कारागिरांनी लाखो मोती एकेक करून ओवले, त्यांनी तो कशासाठी ओवला असेल, याचा विचार मनात आला की वाईट वाटते.

आता घरची गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्यांची सांगून थांबणे बरे नव्हे.

आमच्या दुकानाला लागून एक खोली होती. ती वस्तीतील मुलांच्या मकतबला द्यायची, असे अब्बा कितीतरी वर्षे म्हणत. मुले पावसाळ्यात ओसरीवर ओली होत बसतात, हे त्यांना पाहवत नसे. मशिदीत, बाजारात, नातेवाइकांत सर्वांना हे ठाऊक होते. पण अब्बा नेहमी 'देणार आहे' म्हणत. 'दिली' असे कधी म्हणाले नाहीत. ना किल्ली दिली, ना कागद केला. 1999 मध्ये ते अचानक गेले. वाटणीच्या वेळी खोलीचा विषय निघाला तेव्हा एका वारसाने विचारले, "लिहिलेले कुठे आहे?" उत्तर कोणाकडेच नव्हते. खोली विकली गेली. कागदावर माझीही सही आहे. माझ्या हिश्श्याच्या पैशातून मी दुकानाला नवे शटर बसवले. काही वर्षांनी ती रक्कम मी मकतबला दिली, पण त्या पैशात तोवर बडनेऱ्यात खोली काय, खोलीची भिंतही येत नव्हती. मुले अजून ओसरीवरच बसतात. रोज सकाळी शटर उचलताना मला ते आठवते.

यात अब्बांची नियत खोटी नव्हती. खंडेराव महाराजांचीही नसावी. चूक एवढीच की, दोघांनी वेळ आपल्या हाती आहे असे धरले.

आपल्या शरीयतने ही अडचण आधीच ओळखली आहे. हिबा पूर्ण होण्यासाठी तीन गोष्टी लागतात: देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने कबूल करणे आणि कब्जा सोपवणे. कब्जा दिला नाही तर नुसते बोलणे उरते. मृत्यूनंतरसाठी वसियत करता येते, पण कर्ज व कफनदफनाचा खर्च वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच. बाकी वारसांचा हक्क. आणि वक्फ करायचा असेल तर 2025 च्या कायदा दुरुस्तीनंतर वक्फनामा केल्याशिवाय नवा वक्फ होत नाही. तोंडी शब्दावर भिस्त ठेवण्याचे दिवस संपले.

आपल्या वऱ्हाडातच याचा उत्तम नमुना आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे गाडगे महाराज अंगावर चिंध्यांची गोधडी घालून फिरले. त्यांनी लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःच्या हयातीत त्या संस्थांच्या हाती दिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला सोपवली. 1956 मध्ये ते गेले तेव्हा वाटणी करण्यासारखे त्यांच्याजवळ काही नव्हते. त्या गोधडीचा लिलाव कोणी केला नाही, पण त्यांचे दान जागच्या जागी पोहोचले होते.

व्यापारी आणि कारागीर बांधवांना माझे सांगणे साधे आहे. जे द्यायचे मनात आहे ते वहीत लिहा, पण तेवढ्यावर थांबू नका. ज्याला द्यायचे त्याच्या ताब्यात द्या आणि पावती घ्या. खोली असेल तर रीतसर दस्त नोंदवा व किल्ली द्या. मशीन एखाद्या गरीब कारागिराला द्यायचे असेल तर आजच त्याच्या घरी पोहोचते करा. कापड द्यायचे असेल तर हिशेबनिसाला आधी विचारा: दान दिलेल्या मालावर जीएसटीचे इनपुट क्रेडिट मिळत नाही, घेतले असेल तर परत करावे लागते, आणि वस्तुरूपाने दिलेल्या दानाला आयकरातील 80 जी ची सवलत नाही. नंतर कटकट झाली की माणूस पुढच्या वर्षी हात आखडता घेतो, म्हणून हे आधी माहीत असलेले बरे.

आणि भाव वाढण्याची वाट पाहू नका. माल थांबवून ठेवणे हा धंद्यातला हिशेब आहे. तो दानाला लावला की नुकसान घेणाऱ्याचे होते. मी माझ्यापुरते एक केले आहे. दुकानामागची लहानशी वखार मकतबच्या नावे करण्यासाठी वकिलाकडे कागद दिले आहेत. मुलांना समोर बसवून सांगितले आहे आणि त्यांच्या सह्या घेतल्या आहेत. दस्ताची तारीख ठरली आहे. त्या दिवशी मी कार्यालयातून निघेन तेव्हा वखारीची किल्ली माझ्या खिशात नसावी, एवढीच अल्लाहजवळ दुआ आहे.